आईची मांजर खाईना

रामाकोना गावाच्या पुढे, रस्त्यापासून बरंच आत, एका संत्र्याच्या बगीच्यात माझं लहानपण गेलं. बगीच्यात राहायचो असं सांगितलं की लोकांना वाटतं, मोठे बागाईतदार असतील. बगीचा आमचा नव्हता. बाबा तिथले राखणदार होते. विहिरीजवळ मोटारीची खोली होती आणि तिला लागून टिनाचा एक आडोसा. तो आडोसा म्हणजे आमचं घर. वीज मोटारीला होती, आम्हाला नव्हती. बाबा झाडांना आळी करायचे, पाणी फिरवायचे, फळ धरलं की दिवसभर माकडं हाकलायचे. आई कापसाच्या दिवसांत दुसऱ्यांच्या शेतात वेचायला जायची. बोंडांच्या टोकांनी तिच्या बोटांना चिरा पडायच्या आणि संध्याकाळी त्याच बोटांनी ती पाट्यावर तिखट वाटायची. चहा काळा. दूध आमच्याकडे फक्त कोणी पाहुणा आला तर, तेही मागून आणलेलं.

माणूस आजारी पडला तरी दोन दिवस वाट पाहायची, असा आमचा हिशेब. जनावराला डॉक्टर लागतो हे मला शाळेच्या पुस्तकात कळलं. बगीच्यात मांजरी असायच्या, पण त्यांना कोणी खाऊ घालत नव्हतं. उंदीर होते, खारी होत्या, त्यांचं त्या पाहून घ्यायच्या.

त्या आडोशातून मी बी.एस्सी. झाले. हे मी मुद्दाम लिहिते. आईकडच्या आणि बाबांकडच्या, दोन्ही घराण्यांत कॉलेजात गेलेलं माझ्या आधी कोणीच नव्हतं. बसने सौसरला जायचे, बस चुकली तर संत्र्याच्या गाडीत ड्रायव्हरच्या बाजूला बसून जायचे, आणि जायचेच. पुढे बी.एड. केलं, पांढुर्ण्याच्या एका खासगी शाळेत विज्ञान शिकवायला लागले, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. गावाकडे कोणाच्या घरी कागद आला, गोळ्यांचं पाकीट आलं, की ते मला फोन करतात. मी सांगते. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू.

बाबा गेल्यावर मालकाने दुसरा राखणदार ठेवला आणि आईला घेऊन येणं भाग पडलं. आई यायला तयार नव्हती. शेवटी आली ती एका अटीवर.

"मांजर येईन माह्यासंगं," ती म्हणाली. "नाही त मी नाही येत."

मांजर राखाडी रंगाची, पोटाखाली पांढरी, शेपटीचं टोक वाकडं. बाबा आजारी होते तेव्हा ती त्यांच्या खाटेखाली बसून असायची, म्हणून आईला तिचं फार. संत्र्याच्या प्लास्टिकच्या कॅरेटात तिला बसवलं, वरून ओढणी बांधली आणि रामाकोन्याहून पांढुर्ण्यापर्यंत आईने ते कॅरेट मांडीवर धरलं. मांजर सगळा वेळ ओरडत होती. लहान पोरीला सांगावं तसं आई तिला सांगत होती, "चूप वं पोट्टी, आता शहरात चाललो आपण."

शहरात आल्यावर आई बोलायची कोणाशी? मी सकाळी शाळेत, दुपारनंतर शिकवणी. आईला गल्लीतल्या बायकांची हिंदी अर्धी कळायची, अर्धी नाही. ती दिवसभर मांजरीशी बोलायची. मी जिना चढताना ऐकायचे: "आता येईन बाई तुही मास्तरीण. आली की म्हणन, भात काहून गार झाला." आणि मी दारात दिसले की दोघी एकदम गप्प.

पहिली तक्रार घरमालकीणबाईंची आली. त्या खाली राहतात, जिभेला हाड नाही पण मनाने चांगल्या. त्यांच्या पायाला पिसवा चावल्या होत्या.

"काकू, मांजर ठेवा, माझं काही म्हणणं नाही," त्या जिन्यातूनच म्हणाल्या. "पण पिसवा वरच ठेवा ना बापा. किराया तुम्ही दोघींचा देता, पिसवांचा नाही देत."

आईला ते लागलं. दुसऱ्या दिवसापासून तिने पिसवांचा बंदोबस्त सुरू केला. बंदोबस्त म्हणजे आमच्याकडे जो चालत आला तोच. बगीच्यात राहणाऱ्या माणसांचं अर्धं औषध संत्र्याच्या सालीचं असतं. साली वाळवून ठेवायच्या. डास झाले की निखाऱ्यावर टाकून धूर करायचा, धान्याच्या कोठीत टाकायच्या, कुटून पीठ करून त्याने अंग घासायचं, केस धुवायचे. माझे केस कॉलेज संपेपर्यंत त्याच पिठाने धुतले आहेत. आईने गच्चीवर साली वाळत घातल्या आणि घराला आमच्या आडोशाचा वास आला. मला तो वास येतही नव्हता, इतका तो आमचा.

त्यानंतर की त्याच्या आधीपासून, हे मला आज सांगता येत नाही, पण मांजर बारीक होत गेली.

आधी वाटलं, जागा बदलली म्हणून. मग वाटलं, इथे उंदीर नाहीत म्हणून. आई दुधात पोळी कुस्करून वाटी समोर ठेवायची. मांजर वास घ्यायची, एक-दोनदा चाटायची आणि मागे सरायची. मागे सरून वाटीकडे बघत बसायची. खायला नको असलं की जनावर निघून जातं. ही जायची नाही. भूक होती, ते दिसत होतं. मग खात का नव्हती?

हाताला तिची पाठ लागायची तेव्हा मणके एकेक कळायचे. पोटाचं कातडं खाली लोंबायला लागलं. केसांची चमक गेली.

"दोन लेकी काकूच्या," घरमालकीणबाई म्हणाल्या. "एक शिकवून राहिली, एक वाळून राहिली."

आई हसली नाही.

एका शनिवारी अर्धी शाळा होती, तेव्हा मी तिला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. बाहेर दोन म्हशी, एक लंगडणारा बैल आणि सात-आठ बकऱ्या. बकऱ्यांची बाई माझ्या कॅरेटात डोकावली आणि तिने तोंडाला पदर लावला. "मांजरीले दवाखान्यात आणलं वं! दूध देते का?"

"देत नाही, पिते," मी म्हणाले. "तेच पिणं बंद केलं."

डॉक्टर तरुण होते, हिंदी बोलणारे. त्यांनी मांजरीचे डोळे पाहिले, हिरड्या पाहिल्या, पोट दाबलं. मग मला म्हणाले, "मॅडम, सच बोलूं? यहां बिल्ली कोई लाता नहीं. गाय होती तो मैं देखते ही बता देता." त्यांच्याकडे मांजरीएवढ्या जिवाचा काटा नव्हता. वजन कळल्याशिवाय औषध किती द्यायचं? म्हणाले, कहीं से वज़न करा लाइए.

म्हणून मी रस्त्यापलीकडच्या भंगारवाल्याकडे गेले. त्याने कॅरेट काट्यावर ठेवलं, मग मांजर काढून नुसतं कॅरेट ठेवलं. "मॅडम, लोखंडाच्या भावात घेऊ की पुठ्ठ्याच्या?" तो म्हणाला. मग आकडा पाहिला आणि गंभीर झाला. "अरे, ही त काहीच नाही."

दोन किलोही नव्हती. पूर्ण वाढलेली मांजर.

डॉक्टरांनी जंतांचं औषध दिलं, ताकदीचं एक पातळ औषध दिलं. म्हणाले, अंडा खिलाइए, मछली खिलाइए, दूध-रोटी बिल्ली का खाना नहीं है. पंधरा दिवसांत फरक नाही पडला तर नागपूर. घरी येऊन सांगितलं तर घरमालकीणबाई म्हणाल्या, "जिल्हा झाला म्हणे पांढुर्णा. कलेक्टर आला, एसपी आला, मांजरीचा डॉक्टर नाही आला."

अंड्याची गोष्ट मी आईला दबकत सांगितली. बाबा गेल्यावर आईने माळ घातली होती. आमच्या घरात तेव्हापासून अंडं सोडा, अंड्याची गोष्टही येत नव्हती. मला वाटलं ती नाही म्हणेल आणि मग माझ्यासमोर दोनच रस्ते उरतील, आईशी भांडायचं किंवा चोरून खाऊ घालायचं.

आई बराच वेळ तांदूळ निवडत राहिली.

"माह्या बापाच्या घरी मटण शिजे तं बाहेर शिजे," ती म्हणाली. "तीन दगडं मांडून. भांडं घरात येत नसे."

तिने गच्चीवर तीन विटा मांडल्या. जर्मनचा एक जुना गंज, म्हणजे पातेलं, काढला, तो पुन्हा स्वयंपाकात घ्यायचा नाही असं स्वतःशीच ठरवून टाकलं. मी अंडी आणली. उकडताना ती दुसरीकडे तोंड करून बसली होती, पण बसली होती. सोलायचं काम माझं. पिवळा भाग मी बोटाने कुस्करला आणि मांजरीसमोर ठेवला. आई आता वळून पाहत होती. तिच्या तोंडावर जे होतं ते मी बारावीचा निकाल लागला त्या दिवशी पाहिलं होतं.

मांजर आली. वास घेतला. जिभेचं टोक लावलं. ओठ मागे ओढले, तोंडातून लाळ गळली आणि ती मागे सरली.

आई उठली आणि तिने विटा पायाने ढकलून दिल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडल्या. रोज मांडायची. मांजर कधी हरभऱ्याच्या दाण्याएवढं खायची, कधी तेही नाही.

इंजेक्शनची सुई काढून नुसत्या नळीने पातळ अन्न तोंडात सोडायचं, हे मी मोबाइलवर पाहून शिकले. आईने मांजर टॉवेलात गुंडाळून धरायची, मी जबड्याच्या बाजूने थेंब थेंब सोडायचं. पहिल्यांदा केलं तेव्हा मांजरीने माझा अंगठा फाडला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिने फाडणं सोडलं आणि मला ते जास्त वाईट वाटलं. अंगठ्याचं काही नाही, जोर तरी होता.

"तू शिकली ना इतकी," आई एकदा म्हणाली, टॉवेल घट्ट धरून. "सांग ना मंग. काय झालं इले?"

टोमणा नव्हता तो. तिला खरंच वाटत होतं की मला माहीत असेल. सगळ्यांच्या गोळ्या मी वाचून सांगते, हिचं का नाही सांगणार? मी वर्गात पचनसंस्था शिकवते. फळ्यावर यकृत काढते, त्याला बाण काढून नाव लिहिते. आणि माझ्या मांडीशी एक जीव उपाशी बसला होता आणि आत काय बिघडलं ते मला दिसत नव्हतं. मी मोबाइलवर वाचायचे तेव्हा प्रत्येक आजार तिचाच वाटायचा. मूत्रपिंड, गाठ, दात, रक्तातला एखादा विषाणू. वाचून मी जास्त शहाणी झाले नाही, फक्त जास्त घाबरले.

"नाही माहीत," मी म्हणाले.

"नाही माहीत," आई मांजरीला म्हणाली. जणू मी बोलले ते तिला ऐकू गेलं नसेल.

जंतांच्या औषधाने फरक पडला नाही. आम्ही सकाळच्या गाडीने नागपूरला गेलो. घरमालकीणबाईंच्या भाच्याने पत्ता सांगितलेला एक मांजरी-कुत्र्यांचा दवाखाना. आत थंडगार, भिंतीवर गोऱ्यापान मांजरींची चित्रं. आमची कॅरेटात, वर ओढणी. आई खुर्चीच्या काठावर बसली, पूर्ण बसलीच नाही. तिथे लोकांच्या मांजरी पिशवीसारख्या पिंजऱ्यांत होत्या आणि त्यांना नावं होती. रिसेप्शनवरच्या मुलीने आमच्या मांजरीचं नाव विचारलं. आई म्हणाली, "पोट्टी." मुलीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लिहून घेतलं.

डॉक्टर बाई होत्या, मराठी बोलणाऱ्या. त्यांनी नीट पाहिलं, रक्त घेतलं, सलाइन लावलं. मग विचारत गेल्या. घरात उंदरांचं औषध टाकता का? फिनाईल? मांजरीच्या अंगाला काही पावडर, स्प्रे, केमिकल?

"नाही," मी लगेच म्हणाले. मला वाटलं, या बाई आमचं घर कसं असेल त्याचा अंदाज घेत आहेत.

"केमिकल नाही बाई आमच्याकडे," आईसुद्धा ताठ होऊन म्हणाली. "सारं घरचंच असते."

डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढच्या प्रश्नाला गेल्या.

रिपोर्ट दुपारी आला. यकृताचे आकडे थोडे चढलेले होते. बाकी फार काही नाही. "यावरून नाव सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "सोनोग्राफी करावी लागेल, आणखी काही तपासण्या मुंबईला पाठवाव्या लागतील. तरी कळेलच असं नाही. मांजरी लपवतात." त्यांनी यकृताचं औषध दिलं आणि भरवणं चालू ठेवा म्हणाल्या. त्या सरळ बोलल्या, याचं मला बरं वाटलं. पण आईला काय सांगू? इतक्या दूर आलो, यंत्रातून रक्त गेलं, आणि कागदावर नाव नाही.

परतीच्या गाडीत आम्हाला खिडकीजवळ जागा मिळाली. काटोल गेल्यावर आई एकदम म्हणाली, "तुह्या भावाचंही असंच होतं."

मला एक भाऊ होता आणि तो माझ्या जन्माआधीच गेला, एवढंच मला ठाऊक होतं. घरात कोणी बोलायचं नाही.

"दूध घेत नसे," आई म्हणाली. "तोंड फिरवे. बोटानं पाणी पाजो मी. बाया म्हणत, नजर लागली. कोणी म्हणे, पोटात गाठ. सौसरले नेलं तं डाक्टर म्हणे उशीर झाला. काय झालं थे नाही सांगतलं त्यानं. मीही नाही इचारलं. वाळून गेला." तिचा हात ओढणीखाली मांजरीच्या पाठीवर होता. "मले पुन्हा नाही पाहायचं हे. एवढंच सांगतो तुले."

तोपर्यंत मी मांजरीसाठी धावत होते, कारण आई एकटी पडेल असं वाटत होतं. पांढुर्ण्याच्या स्टेशनवर उतरले तेव्हा मला खरी भीती वाटली.

त्यानंतरच्या रविवारी मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले. आई उन्हात बसली होती, मांडीवर मांजर, बाजूला गरम पाण्याचा तांब्या आणि वाटीत संत्र्याच्या सालीचं पीठ कालवलेलं. ती ते मांजरीच्या अंगाला लावत होती, पाठीला, पोटाला, शेपटीपर्यंत, आणि फडक्याने पुसत होती. हळू हळू, लहान लेकराला लावावं तसं. दर दोन-तीन दिवसांनी लावायची, मला माहीतच होतं. पिसवा गेल्याच होत्या त्याने.

आईने सोडलं तशी मांजर उन्हात सरकली आणि अंग चाटायला लागली. एकदा जीभ फिरवली आणि ओठ मागे ओढले. पुन्हा चाटलं. लाळ गळली. पुन्हा चाटलं. अंडं समोर ठेवलं होतं तेव्हा तिने अगदी तसंच तोंड केलं होतं.

ओला टॉवेल माझ्या हातात तसाच राहिला.

मी खाली येऊन नागपूरच्या डॉक्टरांना फोन लावला. रविवार असून त्यांनी उचलला. मी सांगितलं.

"संत्र्याची साल? अंगाला?"

"आमच्याकडे सगळे लावतात मॅडम. म्हणजे माणसं."

"माणसं स्वतःला चाटत नाहीत," त्या म्हणाल्या. त्यांनी समजावून सांगितलं की सालीत तेल असतं, मांजरीला ते सोसत नाही, वासही नको असतो, आणि चाटून चाटून ते पोटात जातं. "आजच बंद करा. धूर, अंथरुणातल्या साली, सगळं. कोमट पाण्याने धुवून काढा."

"म्हणजे याच्यामुळेच झालं?"

"असेल. नसेलही. आधीपासून काही असेल आणि याने वाढलं असेल. मी नक्की नाही सांगू शकत."

फोन ठेवून मी खोलीत उभी राहिले. साली बंद करायला आईला कारण सांगावं लागणार होतं. खोटं सांगता आलं असतं, घरमालकीणबाईंना वास आवडत नाही असं काहीतरी. पण आई खोटं लगेच ओळखते, आणि धूर एक दिवस बंद करून दुसऱ्या दिवशी लावेल. मी वर गेले आणि जसं ऐकलं तसं सांगितलं.

आईने वाटीकडे पाहिलं. "म्हंजे म्याच खाऊ घातलं तिले जहर."

"तसं नाही म्हणाल्या त्या. नक्की नाही म्हणाल्या."

"तुमाले शिकलेल्याइले नक्की कधी काही माहीत असते?" आई म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "चांगलंच करून राहिली होती ना मी."

"हो, आई."

ती उठली. गच्चीवरच्या साली तिने पोत्यात भरल्या, कोठीतल्या काढल्या, मांजरीच्या गोधडीखालच्या काढल्या. इतक्या निघाल्या की मलाच आश्चर्य वाटलं. पोतं तिने स्वतः खाली नेलं, मला हात लावू दिला नाही. घरमालकीणबाईंनी विचारलं, "काय फेकून राहिल्या काकू?" आई पोतं घेऊन तशीच पुढे गेली. मांजरीला आम्ही कोमट पाण्याने धुतलं. ती ओरडली, पण आवाज इतका बारीक होता की दोघींनाही हात थांबवावासा वाटला.

साली बंद केल्या आणि मांजर खायला लागली, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. ती आणखी मंद झाली. खाटेखाली, भिंतीला लागून, तोंड आत करून बसायची. बोलावलं तर कान हलवायची फक्त. आई म्हणाली, मरायला जागा शोधून राहिली. ती खाटेजवळ फरशीवर बसून राहायची, पोळ्या करायला उठायची आणि पुन्हा येऊन बसायची. मी शाळेतून येताना जिन्यात थांबायचे, आईचा आवाज येतो का ऐकायला. आता ती मांजरीशी बोलत नव्हती. घर शांत असायचं आणि त्या शांततेत जिना चढायला मला हिंमत लागायची.

भरवणं चालू होतं. औषध चालू होतं. दोन्हींचा उपयोग होतो की नाही, कोणाला माहीत. मी डॉक्टरांना फोन करायचे, त्या तेच सांगायच्या: चालू ठेवा. पाहा. मी विज्ञानाची बाई, मला प्रयोग केला की निष्कर्ष लागतो. इथे आम्ही एकाच वेळी साली बंद केल्या होत्या, औषध दिलं होतं, अंडं चालू होतं, जागा पुसून काढली होती. कशाने काय होईल हे कधीच कळणार नव्हतं, आणि एकेक करून पाहायला तिच्याकडे तेवढं अंग नव्हतं.

आईने एकदा विचारलं, "नागपूरले पुन्हा न्यायचं का?"

मी म्हणाले, "गाडीत टिकेल का?"

तिने मांजरीकडे पाहिलं आणि मान नाही अशी हलवली.

मग एका दुपारी आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. अंड्याचा पिवळा भाग पाण्यात कालवून वाटी खाटेजवळ ठेवली होती, सवयीने. मी शाळेतल्या परीक्षेचं काहीतरी सांगत होते. आईने एकदम माझं मनगट पकडलं.

"हालू नको," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली. "तिकडं पाहू नको."

मी पाहिलं नाही. ऐकलं. जिभेचा आवाज येत होता, लप, लप, मधे थांबून, पुन्हा. आईची बोटं मनगटात रुतली होती. समोर मेथीची जुडी पडलेली. किती वेळ ते चाललं कोण जाणे. वाटी फरशीवर सरकल्याचा आवाज आला, तेव्हा मी वळून पाहिलं. वाटी रिकामी नव्हती, पण अर्ध्याच्या खाली गेली होती. मांजर तिथेच बसून मिशा चाटत होती. तोंड वाकडं केलं नव्हतं.

आई रडली वगैरे नाही. तिने मेथीची जुडी उचलली आणि म्हणाली, "नमक नव्हतं ना टाकलं त्याच्यात?"

दुसऱ्या दिवशी मांजरीने पुन्हा तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी खाल्लं. असंच चाललं. घरमालकीणबाई रविवारी कोंबडी करतात, त्यातले दोन तुकडे बिनमिठाचे उकडून ताटलीत घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवून जायला लागल्या. आत आणत नाहीत, आईची माळ आहे म्हणून. "तुमच्या पोट्टीचा डबा आला काकू," असं ओरडून जातात. आता पिसवांसाठी नागपूरहून आणलेलं थेंबांचं औषध मानेवर लावतो. यकृताचा आकडा नंतर पुन्हा काढला, थोडा उतरला होता. डॉक्टर म्हणाल्या, चांगलं आहे, पण कारण अजूनही सांगता येणार नाही.

महिन्यातून एखाद-दुसरा दिवस असा येतो की ती वाटीपाशी जाते, वास घेते आणि मागे सरते. त्या दिवशी आई जेवत नाही. मी समजावते, ती ऐकत नाही. आम्ही दोघी बसून पाहतो. बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी खाते.

मागच्या आठवड्यात तिला पुन्हा भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवलं. अडीच किलोच्या थोडी वर आहे. मांजरीच्या मानाने कमीच. आजाराचं नाव कोणाला कळलेलं नाही. नळी आता वापरावी लागत नाही, ती स्वतःच्या तोंडाने खाते.